ट्रान्सजेंडर मूल, आपले घर आणि आपला विहार

मागच्या वर्षावासात आमच्या विहारातल्या आरोग्य वर्गाचा विषय सिकलसेल होता. वर्ग संपला, सतरंज्या गोळा होत होत्या आणि एक बाई दाराशी घुटमळत उभ्या होत्या. सगळे गेल्यावर जवळ आल्या. "ताई, माह्या भाच्याचं विचारायचं होतं. सिकलवाला हाय. पाय सुजला चार दिवसांपासून." मग थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणजे भाचीच म्हणा. ते सोताले पोरगीच म्हणते."

भाचीचे वय वीस. जन्माच्या दाखल्यावर मुलगा. सिकलसेलचा 'एसएस' प्रकार, म्हणजे वाहक नव्हे, प्रत्यक्ष रुग्ण. डाव्या पायाची पोटरी सुजलेली, गरम, हात लावू देत नव्हती. दोन दिवसांपूर्वी ती एकटीच एका दवाखान्यात गेली होती. अंगात सलवार-कुर्ता, केस खांद्यापर्यंत, आणि खिडकीवरून मोठ्याने हाक आली ती कागदावरच्या मुलाच्या नावाची. रांगेतले लोक वळून पाहू लागले, कोणी हसले. पुढे "बाईच्या रांगेत का उभा आहेस?" असेही विचारले गेले. तिने केसपेपर फाडला आणि घरी येऊन झोपली.

त्या रात्रीच आमच्यातली एक जण आत्यासोबत तिला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली. खोल शिरेत रक्ताची गाठ होती. डॉक्टरांनी औषधांबद्दल विचारले तेव्हा आधी ती काहीच बोलेना. आत्याने हात धरल्यावर सांगितले, की आठ महिन्यांपासून ती औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून रोज दोन-तीन घेत होती. शरीर मुलीसारखे व्हावे म्हणून. आईवडिलांना माहीत नव्हते. सिकलसेलच्या डॉक्टरांनाही नाही. (हे सारे तिच्या परवानगीने लिहीत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक असते. त्याने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि गाठ होण्याचा धोका आधीच जास्त असतो. दोन्ही एकत्र आले आणि गोळ्यांचे प्रमाणही मनाने ठरवलेले असले, तर पायातली गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते, जीव जाऊ शकतो. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, त्यासोबत छातीत कळ किंवा दम लागणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आमची भाची वाचली. पण आमच्या मनात एक प्रश्न राहून गेला. मुलीने मनाने गोळ्या घ्यायला नको होत्या, हे खरे. पण विचारायचे तरी कोणाला? घरी बोलायची सोय नाही, दवाखान्यात हसू होते, विहारात आम्ही सिकलसेलवर तासभर बोललो पण हा विषय आमच्या डोक्यातही नव्हता. इतकेच नाही. त्या रात्री आमच्या नोंदवहीत आम्हीही तिचे जुनेच नाव लिहिले होते, आणि "तो" म्हणूनच सारी हकिगत टिपली होती. दुसऱ्या दिवशी आत्याने ते दाखवून दिले.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. जन्माच्या वेळी शरीर पाहून दाई किंवा डॉक्टर मुलगा की मुलगी ते सांगतात. बहुतेकांना मोठेपणी तेच बरोबर वाटते. काहींना तसे वाटत नाही. आतून जाणवणारी ओळख वेगळी असते. त्यांना ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी म्हणतात. सरकारी कागदांत तृतीयपंथी हा शब्द आहे. जन्माने मुलगा ठरवली गेलेली पण स्वतः स्त्री असलेली ती ट्रान्स स्त्री, आणि याच्या उलट तो ट्रान्स पुरुष. ट्रान्स पुरुष आपल्याला दिसत नाहीत, कारण त्यांना "मर्दानी पोरगी" म्हणून घरातच दाबले जाते आणि लवकर लग्न लावून दिले जाते. किन्नर किंवा हिजडा समाज ही गुरू-चेल्यांची परंपरा आहे. प्रत्येक ट्रान्स व्यक्ती त्यात असतेच असे नाही. शरीराची लैंगिक रचनाच जन्मतः वेगळी असते ते अंतरलिंगी, आणि आकर्षण कोणाविषयी वाटते हा तर आणखी निराळा प्रश्न. सगळ्यांना एका गाठोड्यात बांधून वर शिवी म्हणून वापरायची, ही आपल्या चौकातली सवय आहे. धम्माच्या भाषेत सांगायचे तर सम्यक वाणीचा तो रोजचा भंग आहे.

हा आजार आहे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर केली. ती २०२२ पासून लागू झाली आणि तिने हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. तिथे ठेवण्याचे कारण इतकेच, की संप्रेरके, शस्त्रक्रिया, समुपदेशन यांची वैद्यकीय मदत कोणाला लागली तर ती मिळावी. आजार नाही, पण त्रास मात्र खरा असतो. स्वतःचे शरीर परके वाटणे, आरशाकडे पाहवत नसणे, वयात येताना आवाज फुटला किंवा छाती आली की घाबरून जाणे. त्यावर घरच्यांचा मार आणि वर्गातले टोमणे बसले, की झोप उडते, अभ्यास सुटतो, व्यसन लागते, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात.

"ठीक करून द्या" म्हणून मुलाला भगताकडे, बाबाकडे, विजेचे झटके देणाऱ्याकडे नेणारी घरे आपल्याही वस्तीत आहेत. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अंगारा लावायचा? डॉक्टरांच्या बाबतीत तर नियम स्पष्ट आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा बदलवण्याच्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. कोणी डॉक्टर "सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो" म्हणाला, तर उठून निघून या. "लग्न करून द्या, सुधारेल" हा सर्वांत महागडा उपाय. त्यात दोन आयुष्ये जातात, आणि दुसरे आयुष्य अशा एका मुलीचे किंवा मुलाचे असते ज्याला कोणी काही सांगितलेलेच नसते.

आता नावाविषयी थोडे सविस्तर, कारण आमच्या मते सगळ्यांत जास्त अडते ते इथेच. "एवढं काय त्या नावाचं? जन्मापासून ज्या नावाने हाक मारली तीच मारू", असे अनेक वडीलधारे म्हणतात. आपल्या आजा-पणज्यांची नावे आठवा. कचरू, दगडू, धोंडी, उकंड्या. आणि गावचा पाटील तर तेही नाव घेत नसे, जातीनेच हाक मारी. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर याच नागपुरात घराघरांत गौतम, राहुल, सिद्धार्थ, सुजाता, प्रज्ञा जन्माला आले. मोठ्यांनीही नावे बदलली, काहींनी आडनावे बदलली. शाळेतले मास्तर मुद्दाम जुने नाव घेत, तेव्हा कसे लागायचे ते सांगणारे लोक अजून आपल्यात आहेत. त्याआधी १९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांना कायद्याने 'हरिजन' हे नाव चिकटवण्याचा विषय आला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृह सोडून बाहेर पडले. आमचे नाव आम्हाला न विचारता ठरवू नका, एवढेच ते म्हणणे होते. आज तेच आपल्या घरातले वीस वर्षांचे मूल म्हणते आहे.

नावाचा आरोग्याशी संबंध काय, ते वरच्या हकिगतीत आलेच आहे. हाक चुकली म्हणून केसपेपर फाटला, आणि गाठ दोन दिवस शिरेत तशीच राहिली.

घरच्यांचेही ऐकले पाहिजे. आई रडते ती मुलाचा राग आला म्हणून नेहमीच नाही. तिला वाटते, पोटातच काही चुकले का, गरोदरपणात काही खाल्ले का. तसे काही नसते, संगोपनाने हे घडत नाही की बिघडत नाही. बापाला बहिणीच्या लग्नाची काळजी असते, भावकीची असते. या भाचीचे वडील दवाखान्याच्या व्हरांड्यात आमच्याशी फक्त एकच वाक्य बोलले, "समाजात तोंड कसं दाखवू?" त्यावर आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण, म्हणाली, "आपल्या बाबानं छप्पन साली घरचे देव नदीत टाकले, तवा समाजाले विचारलं होतं का?" आम्ही तिथे काही बोलण्याची गरज उरली नाही.

पण असा खमका नातेवाईक प्रत्येक घरात नसतो. म्हणून आईवडिलांना आमचे सांगणे असे. पहिल्या दिवशी सगळे समजलेच पाहिजे असा हट्ट धरू नका, समजले नाही तरी मूल घरात जेवले पाहिजे, झोपले पाहिजे, त्याची फी भरली गेली पाहिजे. घरातून काढून दिलेल्या मुलाला खोली कोणी भाड्याने देत नाही, काम कोणी देत नाही, आणि मग सिग्नलवर टाळी वाजवणाऱ्यांना आपणच नावे ठेवतो. मुलाने तुम्हाला सांगितले म्हणजे ते मामाला, शेजाऱ्याला, विहार समितीला सांगण्याची परवानगी मिळाली असे नाही. कोणाला, कधी, किती सांगायचे हे त्यालाच ठरवू द्या. मरणाची भाषा बोलत असेल तर "असले विचार येतात का?" असे सरळ विचारा. विचारल्याने विचार वाढत नाहीत. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. आणि लहान मूल असेल तर त्याला गोळी-इंजेक्शन काही लागत नाही. लागते ते मारल्याशिवाय ऐकून घेणे.

वयाने मोठ्या झालेल्यांनी संप्रेरके घ्यायची असतील तर ती संप्रेरकतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावीत. यूट्यूबवर पाहून किंवा मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून नाही. सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने हिमोग्लोबिन, यकृत, चरबी, साखर, रक्तदाब पाहावे लागतात. विदर्भात आपल्या समाजाने यात आणखी एक तपासणी जोडावी, ती सिकलसेलची. एसएस असाल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांबद्दल सांगा. इस्ट्रोजेन टाळायचे, कमी धोक्याच्या रूपात घ्यायचे की आणखी काही करायचे, ते त्यांना ठरवू द्या. एएस म्हणजे वाहक असाल तरी सांगा. सोबत सिगारेट, खर्रा असेल तर तेही लपवू नका. ट्रान्स पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होते, म्हणून हिमोग्लोबिनवर लक्ष हवे. त्याने पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, ते गर्भनिरोधक नव्हे. छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळू नका. बरगड्या दुखतात, श्वास अपुरा पडतो, आणि सिकलसेलच्या रुग्णाला तर छातीचा आजार लवकर बळावतो. त्यासाठी शिवलेले बाइंडर मिळते. तेही दिवसाचे काही तासच, झोपताना कधीच नाही. न शिकलेल्या माणसाच्या हातून कापाकापी करून घेणे म्हणजे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग. त्यात माणसे मेली आहेत.

बाकी आजार सगळ्यांसारखेच. ट्रान्स पुरुषाला गर्भाशय असेल तर त्याच्या मुखाची तपासणीही लागते. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत आणि गुप्त होते, औषधेही मोफत. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासा.

रुग्णालयात सोबत एक माणूस असावा हे आम्ही पुन्हा सांगतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. नोंदणीच्या आधी त्यांना भेटा. कागदावरचे नाव लगेच बदलता येत नसेल तर "फक्त आडनावाने बोलवा" अशी विनंती करता येते. त्या रात्री आम्ही तेच केले. बाहेर आलेल्या परिचारिकेने आडनाव पुकारले आणि मुलगी निमूट उठून आत गेली.

विहाराविषयी. आपल्यातले काही उपासक म्हणतात, हे धम्मात बसत नाही. विनयपिटकातल्या पाराजिक भागात एक प्रसंग आहे. एका भिक्खूच्या शरीरात स्त्रीचे लक्षण प्रकट झाले. भिक्खूंनी तथागतांना विचारले. तथागतांनी तिला संघाबाहेर काढले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा, तितकीच वर्षे धरून तिला भिक्खुणींमध्ये जाण्याची अनुज्ञा दिली. भिक्खुणीच्या बाबतीत उलट घडले तेव्हाही तसेच केले. आता दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. महावग्गात 'पंडक' म्हटलेल्यांना प्रव्रज्या नाकारलेली आहे, आणि त्या शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांत वाद आहे. पण हा भिक्खू संघाच्या प्रवेशाचा नियम आहे, उपासकांच्या सतरंजीचा नाही. शिवाय 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्याची कसोटी दिली आहे. जे विवेकाला धरून नाही, जे माणसाच्या कल्याणाचे नाही, ते बुद्धाचे समजू नये. ही कसोटी आपण इतर ग्रंथांना लावतो, मग आपल्याही लावली पाहिजे.

व्यवहारात विहार समितीला फार काही करावे लागत नाही. धम्म शिबिरात राहण्याची सोय करताना त्या व्यक्तीला एकट्याने बाजूला नेऊन विचारावे, कुठे बरे वाटेल. महिला मंडळात ट्रान्स स्त्री आली तर ती पाहुणी नाही, सभासद आहे. भांडी घासायला आणि भाषण करायला दोन्हीला. शौचालयाला आतून कडी असली म्हणजे अर्धे प्रश्न मिटतात. एक सूचना आम्ही समितीपुढे ठेवली आहे आणि त्यावर अजून वाद चालू आहे. बाळाचे नामकरण आपण त्रिशरण-पंचशील घेऊन करतो, तसे मोठेपणी निवडलेल्या नावाचेही कोणी मागितले तर करावे. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे, यातून चुकीचा पायंडा पडेल. आम्हाला तसे वाटत नाही. पण बैठकीत आवाज न चढवता बोलणे झाले, हेही नोंदवतो.

कायदा थोडक्यात. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभर ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ लोकांची नोंद झाली. घरच्यांनी लपवलेले यात नाहीत, हे उघड आहे. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात भटक्यांसोबत हिजड्यांचीही नोंदणी सक्तीची केली होती. विमुक्तांचा इतिहास वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, नालसा खटल्यात अनुच्छेद १४, १५, १६, १९ आणि २१ यांच्या आधारे ट्रान्सजेंडर व्यक्तींचे हक्क मान्य केले. २०१९ च्या कायद्याने उपचार, शिक्षण, नोकरी यांतला भेदभाव बेकायदा ठरवला आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्राची सोय केली. अटी आणि कागदपत्रे बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनातल्या समाजकल्याण कार्यालयात चालू नियम विचारून घ्या. आपल्या मुलांचा एक वेगळा प्रश्न आहे. ट्रान्सजेंडर म्हणून मागासवर्ग मानला तर अनुसूचित जातीच्या मुलाने कोणती ओळख सोडायची? तामिळनाडूतल्या दलित ट्रान्स कार्यकर्त्या ग्रेस बानू म्हणूनच समांतर आरक्षण मागत आल्या आहेत, म्हणजे जात प्रवर्गाच्या आतच वेगळी जागा. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का असे आरक्षण दिले. महाराष्ट्रात ही मागणी आपल्या संघटनांनीही उचलायला हवी.

आणि हे लोक परके नाहीत. विद्या कांबळे २०१८ साली नागपूरच्या लोकअदालतीच्या पॅनेलवर सदस्य म्हणून बसल्या, भांडणे मिटवायला. दिशा पिंकी शेख यांच्या कविता आणि भाषणे आंबेडकरी मंचांवरूनच महाराष्ट्राने ऐकली. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था या समाजासोबत काम करते. घरात बोलता येत नसेल तर तिथे बोलता येते.

आपला समाज सिकलसेलबद्दलही एके काळी असाच गप्प होता. मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून रिपोर्ट ट्रंकेच्या तळाशी ठेवणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. आज लग्नाच्या बोलणीत पत्रिकेऐवजी रक्ताचा रिपोर्ट मागणारी घरे आहेत.

भाचीचे रक्त पातळ करण्याचे औषध अजून सुरू आहे. गोळ्या बंद झाल्यावर ती महिनाभर फार उदास होती. आता सिकलसेलचे डॉक्टर आणि संप्रेरकतज्ज्ञ एकमेकांशी बोलून पुढचे ठरवत आहेत. कॉलेज पुन्हा सुरू झाले आहे. आई नवे नाव घेते, मध्येच चुकते आणि स्वतःच जीभ चावते. वडील नवे नाव अजून घेत नाहीत. जुनेही घेत नाहीत. नुसते "बाळा" म्हणतात, आणि तपासणीच्या दिवशी गाडी तेच काढतात. आमच्या वर्गाच्या नोंदवहीत आता पहिला रकाना 'हाकेचे नाव' असा आहे. वर्ग दर रविवारी, वंदनेनंतर.